राजशेखर सरांचे मानपत्र

शब्द शाळेत आला तो चांगल्या वाटेने आला होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर तालुक्याच्या विशेष शिक्षिकेने उदगीरच्या त्या शाळेत मुलांना एक तास माहिती दिली. ऑटिझम म्हणजे काय, मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात, अशा मुलामुलींशी कसं वागावं. मुलांनी शांतपणे ऐकलं, शेवटी टाळ्या वाजवल्या. नववीतल्या कहकशांने हात वर करून सांगितलं, "मला आहे ते. माझ्याकडे सर्टिफिकेट आहे." तिला वाटलं, विषय निघालाय तर माहिती पूर्ण व्हावी.

आठवड्याभरात मैदानावर कॅच सोडणारा पोरगा 'ऑटिस्टिक' झाला. डबा विसरलेली पोरगी 'ऑटी' झाली. आमच्या वेळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'मतिमंद' असं लिहीत, त्याचीही अशीच शिवी झाली होती. डॉक्टर नवा शब्द शोधतात, आपण तो चार दिवसांत घाण करतो.

मुलांचं मी फारसं मनावर घेतलं नाही. मुलं जे ऐकतात ते बोलतात, सांगितलं की सोडतात. पण मराठीचे राजशेखर सरही वर्गात उत्तर चुकलेल्याला विचारू लागले, "काय बे, ऑटिस्टिक झालास का?" वर्ग हसायचा. आपण बोललं की वर्ग हसतो, यापलीकडे सरांना दुसरं काही लागत नसे. ते कहकशांचे वर्गशिक्षकही होते.

मी त्याच शाळेतून निवृत्त झाले. संध्याकाळी घरच्या ओसरीवर मुलांना शिकवते. कहकशां माझ्याकडे पहिलीपासून येते. तिची आई बिलकीस आमच्याच गल्लीत ब्लाउज शिवते. हाक मारली तर कहकशांला लगेच कळत नाही, समोर जाऊन बोलावं लागतं. पण एकदा समजलेलं ती विसरत नाही आणि खोटं बोलत नाही. शुक्रवारी वडिलांबरोबर स्टेशनवर जाऊन गाड्यांचे डबे बघणं हा तिचा छंद. तो साऱ्या वर्गाला माहीत होता.

जानेवारीत गॅदरिंग झालं. शेवटचा कार्यक्रम फिशपॉन्डचा. मुलं एकमेकांना चिमटे काढणाऱ्या चिठ्ठ्या बिननावाने पेटीत टाकतात, सर त्या माईकवर वाचतात, आणि ज्याच्यावर असेल त्याने स्टेजवर येऊन फूल घ्यायचं, हसायचं, रागवायचं नाही, अशी रीत. राजशेखर सरांनी तीन-चार चिठ्ठ्या वाचल्या आणि मग आवाज चढवला.

"पुढचा फिशपॉन्ड, कहकशांला!

नाव घेऊन हाका मारा, कान हिचे बंद,
गाडी आली, गाडी गेली, हिला डब्यांचा छंद.
उदगीरच्या फलाटावर एकच प्रवासी न्यारी,
ऑटिस्टिक एक्स्प्रेस आली, चला करा तयारी!"

मंडप फुटायचा बाकी राहिला. पालक हसले, शिपाई हसले, पुढच्या रांगेतले पाहुणे रुमाल तोंडाला लावून हसले. बिलकीस माझ्या शेजारी बसली होती. तिचा हात माझ्या मनगटावर आला आणि तिथेच घट्ट झाला. कहकशां रीतीप्रमाणे स्टेजवर गेली, फूल घेतलं, "थँक यू सर," म्हणाली आणि खाली येऊन बबिताच्या शेजारी बसली. बबिता तिची एकुलती मैत्रीण. दोघींचा बाक एकच.

दुसऱ्या दिवसापासून कहकशां शाळेत गेली नाही.

मला वाटलं, रडत असेल. रडत नव्हती. माझ्या ओसरीवर नेहमीच्या वेळी आली, पुस्तक उघडलं आणि म्हणाली, "बाई, ते कोणी लिहिलं?"

"चिठ्ठीवर नाव नसतं, बेटा."

"पेपरावर नाव नसलं तर मार्क देत नाहीत. मग नाव नसलेलं स्टेजवर का वाचतात?"

मी तिची वही पुढे ओढून तारीख घातली.

"वर्गातल्या कोणीतरी लिहिलं," ती पुढे म्हणाली. "कोण ते माहीत नाही. म्हणजे कोणीही. मी कोणाच्याही शेजारी बसू शकत नाही."

बबिता दोनदा तिला न्यायला आली. कहकशांने दारातूनच सांगितलं, "तू पण लिहिलं असशील." आणि दार लावून घेतलं. बबिता गल्लीत उभी राहून रडली. बिलकीस शिलाई मशीन थांबवून मला म्हणाली, "बाई, शाळेतून निरोप आलाय. हजेरी भरली न्हाई तर वार्षिक परीक्षेला बसू देणार न्हाईत. अन् ही म्हणती, ज्यानं लिहिलं त्याचं नाव कळल्याबिगर मय नहीं जाती. नववीतच बसली तर पुढं काय, मय क्या करूं?"

मी मुख्याध्यापकांकडे गेले. देविदास सर माझ्या हाताखाली नोकरीला लागलेले, मला बसायला खुर्ची पुसून देतात. त्यांनी राजशेखर सरांना बोलावलं.

"अहो बाई, पोरांचं काम ते," राजशेखर सर हसत म्हणाले. "पेटीतून निघालं, आपण वाचलं. आपण म्हंजी पोस्टमन. आता फिशपॉन्डमधी कोणी रडलालं तर कसं व्हायचं?"

"पोरांनीच लिहिलं?"

"हाव. मग मी लिहीन का?"

नोकरीत असताना त्या पेट्या मी वर्षानुवर्षं उघडल्या आहेत. मुलांच्या चिठ्ठ्या मला माहीत आहेत. मुलं नाकाला नाव ठेवतात, डब्यातल्या वांग्याला नाव ठेवतात, यमक जुळलं तर जुळलं. चार ओळी अशा घोटून, टाळीची जागा शेवटी ठेवून, नववीतलं मूल लिहीत नाही. सर खोटं बोलत होते, आणि आपल्या खोट्याखाली त्यांनी एक आख्खा वर्ग घातला होता.

घरी येताना चौकात त्यांचा फ्लेक्स दिसला. 'हास्यसम्राट, साहित्यिक, आदर्श शिक्षक राजशेखर सर यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' फ्लेक्सवर त्यांनी फेटा बांधलेला होता. मी रस्त्यात थांबून तो फेटा नीट बघितला. पोरं मला शांत बाई म्हणतात. त्या दिवशी माझ्या पोटात जे होतं ते त्यांनी बघितलं असतं तर म्हणाली नसती.

आमच्या वाचनालयात सत्तावीस फेब्रुवारीला, मराठी भाषेच्या दिवशी, गावातल्या एका लिहिणाऱ्याचा सत्कार होतो. अध्यक्ष गुरुपादप्पा अप्पा. त्यांना दरवर्षी एकच काळजी असते, की अजून सत्कार झालेला नाही असा माणूस गावात उरलाय का. समितीच्या बैठकीत मी नाव सुचवलं.

"राजशेखर? त्यानं काय लिहिलंय?" अप्पांनी विचारलं.

"फिशपॉन्ड."

"ते लिखाण हाय का?"

"लोक हसतात ना, अप्पा. विनोदी लेखन. मानपत्र मी लिहिते."

"मग झालं. शाल मागच्या वर्षीचीच एक उरलीय."

रात्र होण्याआधी मी सरांना फोन लावला. सत्कार म्हणताच त्यांचा आवाज मऊ झाला.

"पण सर, एक अडचण आहे," मी म्हणाले. "समिती विचारते, ते तर मुलांनी लिहिलेलं असतं. मग सत्कार कोणाचा करायचा? मुलांचा करावा का?"

आता त्यांच्या एका बाजूला शाल होती, दुसऱ्या बाजूला मुख्याध्यापकांसमोर बोललेलं वाक्य. आमच्या भागात अशा वेळी काय जड होतं ते मला ठाऊक आहे.

"बाई, ते लोकांना सांगायला असतंय हो," सर म्हणाले. "पोरांना काय येतंय? त्यांच्या चिठ्ठ्या वाचल्या तर माणसं झोपतील. तुम्ही रिटायर झाल्यापासून सगळे फिशपॉन्ड ह्याच हातानं लिहिलेत."

मी हे कहकशांला सांगितलं.

"तुम्ही सांगताय," ती म्हणाली. "त्यांनी मला सांगितलेलं नाही. ते म्हणतील, बाई खोटं बोलतात."

"बरोबर," मी म्हटलं. "मग त्यांच्या तोंडून ऐकायला येशील?"

"येईन."

"आणि बबिता?"

"तिनेही ऐकावं. सगळ्यांनी ऐकावं."

तिला गणित कळतं तसा न्यायही कळतो. मला त्यात आणखी थोडं काही हवं होतं. मानपत्र लिहायला मी तीन दुपारी घेतल्या. चाकूला धार लावावी तसं एकेक वाक्य घासलं.

सत्काराच्या संध्याकाळी वाचनालयाचा हॉल भरला. सरांनी स्वतःच वर्गाला यायला सांगितलं होतं, मोबाइलवर शूटिंग करायला दोन पोरं पुढे बसवली होती, स्टेटसला ठेवायचं म्हणून. देविदास सर पहिल्या रांगेत होते. मधल्या रांगेत कहकशां. तिच्या आणि बबिताच्या मध्ये एक खुर्ची रिकामी.

फेटेवाल्याने सरांना भगवा फेटा बांधला, मागे तुरा सोडला. अप्पांनी शाल पांघरली. मी माईकवर सांगितलं, "श्रीफळ बिलकीसच्या हस्ते."

बिलकीस चढून वर आली. सरांनी तिला ओळखलं. चेहरा जरासा हलला, पण टाळ्या चालू होत्या, आणि टाळ्या चालू असताना माणूस हात मागे घेत नाही. त्यांनी नारळ घेतला. तिने पुष्पगुच्छही दिला, तो त्यांनी दुसऱ्या हातात घेतला.

"सर, मानपत्राआधी तुमची एखादी रचना होऊ द्या," मी म्हणाले. "यंदाच्या गॅदरिंगची. रेल्वेची."

"राहू द्या हो ती, दुसरी म्हणतो," सर पुटपुटले.

"रेल्वेची! रेल्वेची!" मागून पोरं ओरडली. पोरांना काय, टाळ्यांची जागा पाठ होती.

सरांनी म्हटली. पहिल्या दोन ओळींना हशा आला. तिसरीला कमी. कहकशां उभी राहिली होती.

"सर, हे तुम्ही लिहिलं?"

हॉलमध्ये तिचा आवाज सरळ गेला. सरांनी अप्पांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मोबाइलकडे बघितलं. अंगावर शाल होती. नाही म्हणायचं तर शाल कशाची?

"हाव," ते म्हणाले. "म्हणजे... विनोद म्हणून..."

"वर्गातल्या कोणी नाही?"

"न्हाई."

"ठीक आहे," असं म्हणून ती खाली बसली.

मग मी मानपत्र उघडलं आणि सावकाश वाचलं. मुलांना धडा वाचून दाखवते तसं, प्रत्येक शब्द मागच्या बाकापर्यंत जाईल असं.

"श्रीयुत राजशेखर सर यांसी सविनय. शाळेचे फिशपॉन्ड आपल्याच लेखणीतून उतरतात, हे आज आपण स्वमुखाने सांगून आम्हांस उपकृत केले. आपल्या वर्गातल्या एका मुलीला हाक लवकर कळत नाही. वर्गशिक्षक म्हणून आपणांस हे ठाऊक होते. विनोदासाठी आपण नेमके तेच निवडले. डॉक्टरांनी तिला समजून घेण्यासाठी दिलेला शब्द आपण तिला मारण्यासाठी वापरला. तिची आई समोर बसली होती. तिच्या देखत आपण भरल्या मंडपाला हसवले. एवढे धैर्य सामान्य माणसाच्या अंगी नसते."

कोणीतरी खोकलं. गुरुपादप्पा अप्पा माझ्या कानाशी आले. "सुमनबाई, ह्यो सत्कार हाय का पंचनामा?"

"बसा अप्पा, थोडंच राहिलंय."

सरांना उतरता येईना. एका हातात नारळ, दुसऱ्यात गुच्छ, शाल एका खांद्यावरून घसरत होती आणि ती सावरायला हात नव्हता. फेट्याखालून घाम आला, तो पुसायलाही हात नव्हता.

"पुढे आपणांस विचारले तेव्हा आपण ते मुलांनी लिहिल्याचे सांगितलेत. स्वतःच्या रचनेचे श्रेय वर्गाला देणारा साहित्यिक दुर्मीळ. त्या मोठेपणापायी एक मुलगी महिनाभर साऱ्या वर्गाला गुन्हेगार समजून घरी बसली, आणि जिने काहीही केले नव्हते अशी तिची मैत्रीण गल्लीत उभी राहून रडली. हे मानपत्र आपण घराच्या दर्शनी भागात लावावे, ही विनंती."

काच लावलेली चौकट मी त्यांच्या काखेत दिली, कारण दुसरीकडे जागा नव्हती. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे कोणालाच कळेना. शूटिंग करणाऱ्या पोरांनी मोबाइल खाली घेतले नव्हते.

देविदास सर बाहेर मला गाठून म्हणाले, "बाई, शाळेची बदनामी झाली हो."

"मानपत्रात शाळेचं नाव नाही," मी म्हणाले. "हवं तर वाचून बघा. त्यांच्या घरी लावलेलं असेल."

जिन्यात कहकशां बबिताला म्हणत होती, "तू लिहिलं नव्हतंस."

"मी सांगितलं होतं की तुला."

"सांगितलं होतंस. पण मला कळलं नव्हतं. आता कळलं."

"मग सोमवारी येणार का?"

"येणार. खिडकीकडची बाजू माझी."

बबिताने नाक पुसलं आणि जरा भांडून ती बाजू देऊन टाकली.

शनिवारपर्यंत ते शूटिंग गावभर फिरलं होतं. संध्याकाळी मी ओसरीवर कहकशांची महिन्याभराची राहिलेली बीजगणिताची उदाहरणं घेत होते. फाटकाशी गाडी थांबली. राजशेखर सर आत आले, फेट्याशिवाय, लहान दिसत होते.

"बाई, लई झालं," ते हलक्या आवाजात म्हणाले. "बायकोच्या माहेरी पोचलाय व्हिडिओ. पोरं मला बघून सविनय, सविनय म्हणलालेत. तुम्ही एक शब्द टाका कुठंतरी, विषय मिटला म्हणून. मी माफी मागायला तयार हाय."

"माझी कशाला? ती बसलीय समोर."

ते तिच्याकडे वळले. "कहकशां..."

तिने मान वर केली नाही. ते दोन पावलं पुढे जाऊन तिच्या समोर उभे राहिले. "कहकशां, मला तुला सॉरी म्हणायचंय."

"आता गणित चाललंय," ती म्हणाली. "झाल्यावर म्हणा."

सर पायरीवर बसले. गल्लीतून येणारे-जाणारे त्यांच्याकडे बघत होते, काही ओळखून थांबत होते. कहकशांने उत्तर काढलं, बरोबर आलं, आणि पेन ठेवून माझ्याकडे बघितलं.

"छान," मी म्हणाले. "आता पुढचा पाठ काढ."