गोठ्याचा उतार

बेअरिंगमधला एक छर्रा गोठ्याच्या दारापाशी जमिनीवर ठेवला, की तो आधी क्षणभर तिथंच थांबे, मग पूर्वेकडे निघे आणि महिपतने मनात सहा मोजेपर्यंत नालीत जाऊन पडे. तोच छर्रा मागच्या भिंतीपाशी ठेवला, तर नालीपर्यंत पोचायला त्याला दहा आकडे लागत. अंतर दोन्हीकडे सारखंच, सहा हात. महिपतने हे तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा सहा आणि दहा.

"अवो, लहान पोरासारखं खेळताय काय?" त्याची बायको सगुणा शेणाची पाटी घेऊन दारात उभी होती.

"खेळत नाय," तो म्हणाला आणि छर्रा पुसून परत डब्यात टाकला.

हा उतार त्यानं स्वतःच काढलेला होता. बैलांचं मूत वाहून जावं म्हणून दाराकडच्या निम्म्या गोठ्याला त्यानं चार बोटं उतार दिला होता. मागचा निम्मा गोठा पुढे दहा वर्षांनी म्हशीसाठी वाढवला, तेव्हा हात आखडला आणि तिथं उतार जेमतेम दीड बोट आला. जनावरांचं त्यानं काही बिघडलं नाही.

आता गोठ्यात जनावर नव्हतं. तीन वर्षांपूर्वी खाडीचा बांध फुटला, खारं पाणी डोंबिवलीच्या खालच्या अंगाच्या सगळ्या खाचरांत शिरलं आणि भात गेलं. पहिल्या वर्षी म्हैस विकली, दुसऱ्या वर्षी बैल. तेव्हापासून महिपत दर पावसाळ्यानंतर शेतातली माती जिभेवर ठेवून बघायचा आणि घरी येऊन सांगायचा, "पुढच्या साली गोडी येल." माती खारटच लागत होती.

रिकामा गोठा गोपीनाथने मागितला, तेव्हा महिपतने तो दिला. गोपीनाथ त्याचा एकुलता मुलगा, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणच्या लष्करी छावणीत ट्रक दुरुस्त करायला शिकलेला, आता रेल्वेत फिटर. छावणी उठली तेव्हा लिलावात निघालेलं एक इंजिन आणि चाकांचे दोन आस त्यानं घेऊन ठेवले होते. त्यांच्यावर स्वतःच्या हाताने मोटार बांधायची, हे त्यानं तेव्हाच ठरवलं होतं. सहा वर्षं ते सामान ताडपत्रीखाली पडून राहिलं.

गोठा मिळाल्यावर मात्र त्यानं एका महिन्यात कारखाना उभा केला. गव्हाणीवर सागाची फळी ठोकली, ते झालं कामाचं टेबल. बैल बांधायच्या खुंटाला लोखंड पकडायचा वाईस बसवला. आढ्याला साखळीची पुली टांगली, पेंडीच्या पेटीत ग्रीस भरलं, आणि भिंतीवर खिळे मारून नट कसायचे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने लावले. प्रत्येक पान्यामागे कोळशाने त्याची आकृती काढली, म्हणजे कुठला जागेवर नाही ते लगेच दिसावं.

शेजारचा आनंदा रोज संध्याकाळी डोकावायचा.

"काय रं गोपीनाथ, गोठ्यातनं निघंल ती गाडी दूध किती देल?"

"तुला चहापुरतं देईल, आनंदाकाका. भांडं घेऊन ये."

"बाहेर तरी येल ना? का हितंच बांधून ठेवनार?"

"दार मोजलंय. एक वीत जास्त आहे."

त्यानं सगळंच मोजलं होतं. गाडीच्या सांगाड्याखाली ठेवायला खैराचे चार ठोकळे कापून घेतले होते, आणि त्यांच्या उंचीत केसाचाही फरक नव्हता. त्यावर दोन लांब लोखंडी पट्ट्या आणि आडव्या पट्ट्या मांडून त्यानं तात्पुरते बोल्ट कसले होते. ठोकळे त्यानं मोजले, पण जमीन मोजली नाही. छावणीतली जमीन सिमेंटची होती, पाण्यासारखी सपाट. जमिनीकडे बघायचं असतं हे तिथं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, कारण तिथं तशी गरज नव्हती.

भाताच्या शेतकऱ्याला मात्र जमिनीशिवाय दुसरं काही दिसत नाही. खाचरात पाणी सगळीकडे बोटभर उभं राहिलं पाहिजे, नाहीतर एका अंगाला रोप बुडतं आणि दुसऱ्या अंगाला वाळतं. महिपतची सगळी हयात त्यात गेलेली. सांगाडा पाहताक्षणी त्याला कळलं, की पुढची बाजू एका अंगाला जास्त कलली आहे आणि मागची कमी. ओला कपडा दोन टोकांना धरून थोडा पिळावा, तसा तो सांगाडा पिळलेला होता. गाडी तीन चाकांवर उभी राहिली असती आणि चौथं चाक हवेत.

तरी तो बोलला नाही. आधी त्यानं स्वतःच उपाय करून पाहिला. गोपीनाथ कामावर गेला असताना नालीच्या बाजूच्या ठोकळ्यांखाली पाचरी सारल्या, पितळी परातीत पाणी घेऊन ती सांगाड्यावर पुढे ठेवली, मग मागे ठेवली, आणि पाणी दोन्हीकडे सारखं उभं राहीपर्यंत पाचरी कमीजास्त केल्या. दुपारी पुन्हा पाहिलं, तर पाचरी निम्म्या जमिनीत गेल्या होत्या, म्हणून गोपीनाथ यायच्या आत त्यानं त्या काढून घेतल्या. नालीकाठची माती वर्षानुवर्षं मुताने भिजलेली. तिच्यात वजन धरायचा दमच उरला नव्हता.

गावात सपाट आणि घट्ट अशी जागा एकच होती, ती म्हणजे महिपतच्या अंगणातलं खळं. त्याच्या बापाने धुमसाने ठोकून घट्ट केलेलं, आणि त्यानं स्वतः दरवर्षी दुरुस्त केलेलं. मधल्या खांबापाशी घागर ओतली, तर पाणी भाकरीसारखं चारी बाजूंना गोल पसरे. पण त्या खळ्यात लोखंड आलं, तेल सांडलं, भट्टी पेटली, म्हणजे तिथं पुन्हा भात मळता येणार नव्हतं. आणि आधी खांब काढावा लागणार होता. ज्या खांबाभोवती बैल फिरायचे, तो.

बैल नव्हते. भातही नव्हतं. खळं मात्र सगुणा दर कार्तिकात शेणाने सारवत आली होती. यंदा मार्गशीर्ष लागला तरी तिनं हात लावला नव्हता. शनिवारी जेवताना तिनं विचारलं,

"मी शेजारनं शेण आनून ठेवलंय चार दिस. खळं सारवू का नको?"

"बघू."

"बघू काय? सुकून चाललंय ते. एकदा काय ते सांगा."

"बघू म्हनलो ना."

गोपीनाथ ताटावरून म्हणाला, "बा, उद्या भिवा लोहार येतोय. बोल्ट काढून तापलेले रिव्हेट ठोकायचे. मग सांगाडा पक्का झाला."

"पक्का म्हंजे? परत सोडवता येत नाय?"

"कापावा लागेल. कापला की पट्ट्या वाया. तसल्या पट्ट्या आता कुठून आणू?" मग तो आईकडे वळला. "आये, पहिली फेरी खडवलीला, तुझ्या माहेरी."

"चाकं तर लाव आधी," सगुणा म्हणाली, पण हसली.

रविवारी सकाळी आठला भिवा आला. त्यानं गोठ्याच्या दारात भाता मांडला, कोळसे फुलवले आणि दहा रिव्हेट निखाऱ्यात खोचले. आनंदा आधीच येऊन उकिडवा बसला होता. गोपीनाथने पहिला बोल्ट काढला आणि भोकातून बोट फिरवलं.

"भोकं जुळतायत का?" भिवाने विचारलं.

"तंतोतंत."

महिपत गव्हाणीला टेकून उभा होता. रिव्हेट आधी काळे होते, मग तांबूस झाले, मग लाल. लाल रंग पिवळ्याकडे झुकला की भिवा चिमटा उचलणार, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं डब्यातून छर्रा काढला आणि सांगाड्याखाली जमिनीवर सोडला. छर्रा घरंगळला आणि नालीत पडला. गोपीनाथने न बघताच हात घालून तो उचलला आणि डब्यात टाकला, जसा तो महिनाभर उचलत आला होता.

"दरखेपेला त्याच बाजूला का जातो रं तो?" महिपतने विचारलं.

"उतार आहे ना, बा."

"पुढं किती? मागं किती?"

गोपीनाथचा हात थांबला. तो खाली वाकला, मग गाल जमिनीला लावून सांगाड्याच्या पुढच्या पट्टीवरून मागच्या पट्टीकडे एका डोळ्याने पाहत राहिला. उठला तेव्हा गालाला माती लागली होती.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"उतार मीच काढलाय."

"मग महिनाभर..." त्यानं काढलेला बोल्ट परत भोकात घातला. "आता कुठं मांडू? अशी जमीन आहे कुठं?"

भिवाने पिवळा झालेला रिव्हेट चिमट्यात धरला होता. तो म्हणाला, "महिपतदादा, हा गार होतोय. मारू का टाकू?"

महिपतने दाराबाहेर पाहिलं. खळ्याच्या कडेला सगुणा शेणाची पाटी समोर ठेवून बसली होती आणि त्याच्याकडेच बघत होती.

"टाक तो," तो भिवाला म्हणाला. मग आवाज चढवून, तिलाही ऐकू जाईल असा, "सारवू नको गं. गोपीनाथ, पहार आन. खांब काढू आन् गाडी खळ्यात मांडू."