उघडं दार

तुम्ही आला नाहीत. तालुक्याच्या पांढऱ्या इमारतीत, गरगरत्या पंख्याखाली बसून लसींचे रकाने भरणारे तुम्ही. तीनदा निरोप धाडलात आणि तीनदा आला नाहीत. एकदा लाँचला डिझेल नव्हतं, एकदा नर्सबाईंची जागा रिकामी होती, तिसऱ्यांदा कारण कळवायचेही कष्ट घेतले नाहीत. आणि पोरीच्या कार्डावर मात्र, गोवराच्या लसीपुढं, डोळे जपणाऱ्या त्या चमचाभर पिवळ्या औषधापुढं, निळ्या शाईनं बरोबरची खूण. कुणाचा हात होता तो?

धरणाच्या पाण्यापलीकडं पल्याडवाडी. माघातली सकाळ. निळंशार, निश्चल, निःशब्द पाणी. पाण्यावर धुक्याची विरलेली पासोडी. आणि धुक्याच्या काठावरून हळूहळू वर चढणारं हळदओलं, केशरकोवळं ऊन. आज रथसप्तमी. आज सूर्याचा सण.

सारवल्या अंगणात कुसुमनं पिठाचा रथ काढला होता, रथाला सात घोडे काढले होते. घोड्यांचे पाय तिला कधीच जमले नाहीत.

"सूर्याला शेरडं जुपलीस व्हय गं?" शिदू, तिचा नवरा, म्हणाला. अकरा दिवसांनी त्या घरात कुणीतरी हसलं.

अकरा दिवस तिथं अंधार नांदत होता. चार वर्षांच्या येसूच्या अंगावर गोवर फुलला, रक्तवर्ण, कणाकणानं, कानामागून तळपायापर्यंत. तेव्हा शेजारच्या अनुसयाकाकीनं दाराला लिंबाचा डहाळा खोचला आणि नेम सांगितले. फोडणी नको. परका पाय नको. आणि उजेड, तो तर नकोच नको. देवी घरात आलीय, तिला तो खपत नाही. कुसुमनं खिडकीत गोधडी कोंबली, दाराच्या फटींत चिंध्या भरल्या. तान्हं बाळ जपावं तसा तिनं तो अंधार जपला.

पाचव्या दिवशी येसू म्हणाली, डोळ्यात कुसळ सलतंय. शिदूनं तिला धडप्यात गुंडाळून खांद्यावर घेतलं आणि धक्क्याची वाट धरली. अर्ध्या वाटेवर कुसुमनं त्याला गाठलं. उन्हानं पोर हातची जाईल म्हणाली. देवीशी दावा मांडू नका म्हणाली. तो घुटमळला, मग माघारी वळला. खाली लाँच निघून गेली. पाण्यावर तिची रेघ उमटली, रुंदावली, मिटली.

पण आज ताप नव्हता. पुरळ सुकून त्याचा कोंडा झाला होता, आणि येसूनं आपणहून वाटीभर पेज मागितली होती. म्हणून तर बोरन्हाण. संक्रांत तापात करपून गेली. आजचा दिवस टळला की ते पुढच्या वर्षावर जाणार, आणि पुढच्या वर्षी येसू पाच पुरी करून थोरली होणार. तिच्यासाठी कुसुमनं पौषातच हलवा केला होता. परातीखाली निखारे, परातीत तीळ, तिळांवर थेंब थेंब पाक. आणि बोटं फिरत राहायची, फिरत राहायची, तिळातिळाला शुभ्र काटा फुटेस्तोवर. चार दिवसांच्या दागिन्यांपायी चारही बोटं पोळली होती. त्याचं तिला काहीच वाटलं नव्हतं.

काळं परकर-पोलकं. गळ्यात शुभ्र हार, दंडांवर शुभ्र वाक्या, कपाळावर शुभ्र चंद्रकोर. अवसेच्या आभाळाला चांदण्या जडवाव्यात तशी येसू पाटावर बसली, अजून त्या अंधाऱ्या घरातच. गोवराच्या घरात वाडीतली पोरं कोण पाठवणार? मग बोरं लुटायची कुणी? म्या हाय की, म्हणत शिदू गुडघ्यांवर आला. आता मी पक्या, आता मी शेंबडी सगुणा, असं म्हणत एकेकाचा आवाज काढू लागला. सगुणेचं नाक ओढणं त्याला हुबेहूब साधलं. येसू खुदखुदली.

तेव्हा कुसुमनं दार सताड उघडलं. खिडकीतली गोधडी खेचून काढली.

आणि ऊन आलं. अकरा दिवस उंबऱ्याबाहेर ताटकळलेलं ऊन. सुवर्णगर्भ, सहस्रकर ऊन. कुडाच्या भिंतीवर आलं, हंड्याच्या काठावर आलं, येसूच्या हलव्याच्या काट्याकाट्यावर झगमगलं. कुसुमनं सूप कलंडवलं. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, रेवड्या. डोक्यावरून खांद्यावर, खांद्यावरून मांडीवर, मांडीवरून भुईवर.

"येसाबाई, लुटा बिगीबिगी, न्हाईतर समदं ही सगुणा खाणार," शिदू नाक ओढत म्हणाला.

येसूनं हात पुढं केले. ते चिमणे हात भुई चाचपू लागले. एक तांबूस बोर तिच्या गुडघ्याशीच होतं, उन्हात लखलखत. हात त्याच्या अलीकडून गेला. मग पलीकडून गेला.

"आबा," ती म्हणाली, "आधी दार उघडा की."

शिदूनं तिची हनुवटी उचलली. उन्हात धरली. दोन्ही बुबुळांवर पांढरी, घट्ट, गोठलेली साय.

बाहेर सूर्यासाठी ठेवलेलं दूध उतू गेलं, आणि कुणी उठलं नाही.

कुसुमनं त्या अंधारात पोरीचं कपाळ चेपलं होतं, पाय चेपले होते, केसांवरून रात्रंदिवस हात फिरवला होता. तिचे डोळे तेवढे बघितले नव्हते. कसे बघणार? उजेड तिनंच बुजवला होता. शिदूला तिनंच वळवलं होतं. वाडी उद्या तिला बोल लावील. लावू दे, पाण्यावरची ती रेघ आता जन्मभर तिच्या आत उमटत राहील, रुंदावत राहील, मिटणार मात्र नाही.

तिचं पाप तिनं पदरात घेतलंय. तुमचं कोण घेणार?

येसू अजून पाटावर आहे. ओंजळ पसरून, उन्हाच्या उबेकडं तोंड करून, दार उघडायची वाट बघत. तेव्हा तुम्ही या. या, तिच्या पाटासमोर बसा, तिच्या डोळ्यांत बघा, आणि तिला सांगा:

दार उघडं आहे की नाही?