ब्रदर रॉईसची बेचाळीस लाख नाणी

चर्चच्या तळघरात बुधवारचं जेवण निवत होतं आणि केंटकीतल्या त्या गावातले साठीपुढचे यच्चयावत भाविक ब्रदर रॉईसच्या फोनभोवती गोळा झाले होते.

रॉईसनं फोनवर नाण्यांचा खेळ उघडला, बोटभर ऑलिव्ह तेल काचेवर फासलं, डोळे मिटले. "हे प्रभो, स्वर्गाची दारं उघड!" पडद्यावर सोनेरी नाणी खळाखळा कोसळली. आकडा बेचाळीस लाखांवर थांबला.

"हालेलुया!"

ओपल निवांत बटाट्याचं सॅलड खात होती. पोस्टाच्या खिडकीवर एकतीस वर्षं काढलेल्या बाईला सहसा कशाचं नवल वाटत नाही. पण शेजारी तिची थोरली बहीण नदीन पर्समधून पाकीट काढू लागली आणि ओपलनं काटा खाली ठेवला. त्या पाकिटात कवळीसाठी साठवलेले नऊशे डॉलर होते.

"ताई, ते आत ठेव."

"अगं, नऊशेचे नऊ हजार होतात म्हणे!"

"रॉईस, तेलच लागतं का रे?" ओपलनं विचारलं.

"मंत्रून दिलेलं तेल, भगिनी."

ओपलनं आपल्या फोनवर त्याच खेळात नवं खातं उघडलं आणि काचेवर सॅलडमधलं मेयोनेज फासलं. नाणी खळाखळा कोसळली.

"अरेच्चा, मेयोनेजही पावलं!" म्हातारा ट्रकवाला व्हर्जिल म्हणाला.

"खातं उघडेल त्याला पावतं. रॉईस, तुझ्या बेचाळीस लाखांतून मला वीसची एक नोट काढून दे बघू."

रॉईस खाकरला. "सोनेरी नाणी नुसती खेळायची. पैसे हिरव्यांचे मिळतात, एकाला एक डॉलर. सोनेरी विकत घेतली, की कंपनी हिरवी प्रेमानं फुकट देते."

"दाखव हिरवी."

रॉईसनं नाइलाजानं वरचं बटण दाबलं. हिरवी निघाली तीन.

ओपलनं चष्मा चढवून नियम मोठ्यानं वाचले. फुकटची हिरवी आधी पणाला लावायची. त्यातून पन्नास जिंकली तरच पैसे. "आणि हे ऐका. हातानं पत्र लिहून पाठवलं तरी हिरवी मिळतात!"

"टपालाच्या तिकिटाच्या पैशात? मग लोक नऊशे कशाला घालतात?" व्हर्जिल चक्रावला.

"पत्र लिहायचा कंटाळा म्हणून. कंपनीला मात्र ते कलम हवंच. कायद्यानं हटकलं, तर सांगता येतं, आम्ही जुगार कुठे चालवतो? खेळणी विकतो, हिरवी तर फुकट वाटतो! असल्या पत्रांच्या गठ्ठ्यांवर मी शिक्के मारलेत."

"ब्रदरला यात काय मिळतं?" नदीननं विचारलं.

तेही कलम होतं. आणलेल्या गिऱ्हाइकानं खरेदी केली, की आणणाऱ्याला वीस हिरवी.

"मग आजवर आणलेल्यांची मिळूनही तुझ्याकडे तीनच कशी?" ओपलनं विचारलं.

रॉईस पुटपुटला, "बाकीची... परत पणाला लावली."

नदीननं पाकीट पर्समध्ये टाकून चेन ओढली. "ओपल, उद्या दातांच्या डॉक्टरकडे येशील ना सोबत?"

"येते. आणि मंडळी, श्रद्धा प्रार्थनेत खुशाल ठेवा. पण पैसे वाढतील असं कुणी म्हणालं, तर पाकीट उघडण्याआधी एवढंच विचारा: कुणाचे?"