शेवटचे पाहुणे

‘पर्यावरणस्नेही लोकसंगीत महोत्सव’ असं कापडावर रंगवलं होतं, आणि त्या कापडाखाली, रोह्याच्या हॉलच्या गेटवर, भर उन्हात महिपती सनई वाजवत होता. सोबत ढोलवाला आणि टिमकीवाला, असा तिघांचा खालूबाजा. प्लास्टिक चालत नाही म्हणून वॉचमनने त्यांच्या पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या होत्या. आत मातीच्या कुल्हडांतून सरबत फिरत होतं आणि मागे जनरेटर डिझेलचा धूर ओकत होता. बाटल्या गेल्या तर गेल्या, पण घोटभर पाणीसुद्धा कुणी विचारू नये? महिपतीचं डोकं फिरलं होतं.

पाहुणे कधीच आत गेले होते. पण खालूबाज्याचा रिवाज असा, की शेवटचे पाहुणे म्हणजे खुद्द वाजंत्री. घरधन्याने बाहेर येऊन त्यांना पानसुपारी द्यायची, आत न्यायचं, तोवर सनई खाली ठेवायची नाही. बापाने शिकवलेलं. कुणी येईना, म्हणून महिपती तासभर वाजवतच राहिला.

शेवटी आयोजक प्रणिता मॅडम तणतणत बाहेर आल्या. “काका, बस करा हो! आत उपेक्षित कलावंतांवर भाषण चाललंय, एक शब्द ऐकू येत नाही!”

“मंग आमाला आत घ्या, बाय. लगेच थांबतो.”

“आत? अहो, खुर्च्या भरल्यात सगळ्या.”

महिपती ढोलवाल्याकडे वळला. “बडव रे जोरात. पावणे अजून बाहेरच हायेत.”