शेपूटरावांचा लाल दिवा

"सायकलमागचा तो दिवा काढा आता," सिस्टर म्हणाली.

"स्क्रू गंजलाय. निघत नाही," शेपूटराव म्हणाले आणि त्यांनी रेनकोटाची टोपी अशी डोळ्यांवर ओढली, की विषय संपला.

स्क्रू गंजलेला नव्हता. कालच त्याला त्यांनी तेल दिलं होतं.

शेपूटराव हे नाव सायकलमंडळाचं. बारा जणांचं हे मंडळ दर पावसाळ्यात चार दिवस डोंगरांत हिंडायचं, आणि बावीस वर्षं सगळ्यांच्या शेवटी हेच. कोणाची चेन उतरो की दम उतरो, शेवटच्याने कोणालाही मागे टाकायचं नाही, हा मंडळाचा कायदा, आणि लाल दिवा त्याच्याच सायकलला. निघताना शेवटच्याने डोकी मोजायची, मोठ्याने "अकरा" म्हणायचं, मगच पुढच्याने पायडल मारायचं. शेवटचा स्वतःला मोजत नाही. मोजतोय म्हणजे तो आहेच. शेपूटरावांची नोकरी वजनकाटे तपासण्याची होती. तीस वर्षं दुकानदारांच्या काट्यांतले फरक हुडकलेल्या माणसाच्या मोजणीवर कोण बोट ठेवणार?

पण गेल्या वर्षी चढावर त्यांचा गुडघा आखडला. अकरा जण खिंडीत पाऊण तास कुडकुडत उभे राहिले. मग बैठकीत मास्तरांनी विचारलं, "शेवटचाच मागे राहिला, तर त्याच्या मागे कोण?" तोच प्रश्न शेपूटराव घरी घेऊन गेले. बायकोकडे उत्तर तयार होतं. "जा," ती म्हणाली, "पण सामानाच्या गाडीत बसून आलात, तर सायकल माझ्या भाच्याला. मग हिंडा गच्चीवर."

शेवटची जागा सिस्टरला मिळाली. रुग्णालयात आख्खा वॉर्ड एकटी सांभाळणारी बाई. मंडळात बारा वर्षं. शेपूटरावांना मानाने पहिल्या जागी घातलं, आणि तिथेच त्यांची पंचाईत झाली.

पाऊस सकाळपासून पडत नव्हता, नुसता उभा होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गवत आणि नेचे असे माजलेले, की डांबराला अंग चोरून जावं लागत होतं. पाय ठीक चालत होते. पण समोर कोणी नाही, हे काही शेपूटरावांच्या पचनी पडेना. बावीस वर्षं त्यांनी माणसं पाठीवरून ओळखली होती. मास्तर थकले की डावा खांदा पडतो; कंपाउंडर चिडला की उगाच उभा राहून पायडल मारतो. आता समोर नुसतं धुकं. धुक्याची काय काळजी घ्यायची?

"या, या, पुढे व्हा," असं म्हणत त्यांनी वळणावळणावर एकेकाला वाट दिली. खिंड दिसायला लागली तेव्हा मागे फक्त सिस्टर उरली होती.

"अहो, चला ना! तुम्ही मागे आलात तर मी कुठे जाऊ? दरीत?"

"तू फार घाई करतेस. शेवटच्याला घाई नसते."

खिंडीत सगळे रेनकोट झटकत उभे होते. शेपूटराव सायकलसकट एका पडक्या छपरामागे गेले. गुडघ्याचा पट्टा ढिला झाला होता, आणि तो आवळताना त्यांना कोणी बघायला नको होतं. बघितलं असतं तर कोणीतरी मायेने "गाडी बोलवू?" म्हणालं असतं, आणि त्या मायेचा रस्ता थेट भाच्याकडे जात होता.

एव्हाना पाऊस धरला होता; छपराच्या पत्र्यावर तो ताशासारखा वाजत होता. त्यातून सिस्टरचा "अकरा" काही त्यांना ऐकू आला नाही. बाहेर आले तर रस्ता रिकामा.

"अरेच्चा!" ते पावसाला म्हणाले.

बावीस वर्षं त्यांच्या मागे कोणी नव्हतं, पण तेव्हा ते कामावर होते. आज ते नुसतेच मागे राहिले होते. उतार लागला. दुसऱ्याच वळणावर मागचं चाक बसलं. शेपूटरावांनी चार शिव्या मोजून दिल्या, चाक काढलं, ट्यूब ओढली, टायरमधला काटा हुडकला. पंक्चर काढताना हात सराईतासारखे चालले. पाय मात्र दगडावर लांब पसरून ठेवावा लागला.

तेवढ्यात खालून धापा ऐकू आल्या. धुक्यातून सिस्टर वर येत होती, उभी राहून, दात आवळून.

"पुलापाशी चहा घेतला," ती सायकल आडवी टाकत म्हणाली. "बारा ग्लास भरले. एकाला कोणी हातच लावेना. तेव्हा कळलं."

"पण खिंडीत तू मोजलंस ना?"

"मोजलं. अकरा भरले."

शेपूटराव तिच्याकडे बघत राहिले. काट्यातला फरक सापडला की दुकानदाराकडे असंच बघायचे. "कोणाला जास्तीचं धरलंस?"

सिस्टरने ओल्या बाहीने तोंड पुसलं. "मला. बारा वर्षं तुमच्या अकरांत होते मी. सवयीने धरलं." मग हळूच म्हणाली, "वॉर्डात असं झालं असतं तर मी नर्सला उभं सोललं असतं. तुम्हीही बोला काय बोलायचं ते."

शेपूटरावांनी खाली धुक्यात बुडालेल्या रस्त्याकडे बघितलं. ती चार वळणं चढून आली होती, आणि कोणाला पाठवलं नव्हतं, स्वतः आली होती. काटा बरोबर होता; नुसता शून्यावर आणायचा राहिला होता.

"गाडी बोलवू का?" तिने त्यांच्या पायाकडे बघत विचारलं.

"पंप धर," ते म्हणाले.

हवा भरून झाली. शेपूटरावांनी पाना काढला आणि खोगिराखालच्या दिव्याच्या स्क्रूला लावला. अर्ध्या फेऱ्यात स्क्रू सुटला.

"गंजला होता ना?" सिस्टर म्हणाली.

"पावसाने सुटला."

दिवा त्यांनी तिच्या सायकलला बसवला, हलवून बघितला, पेटवला. ओल्या डांबरावर तांबडा ठिपका पडला. बावीस वर्षं हा दिवा त्यांनी मिरवला होता, पण चालत्या सायकलवर तो कसा दिसतो हे त्यांना कधी बघायला मिळालं नव्हतं. आताही मिळणार नव्हतं. आता ते त्याच्या पुढे होते.

"चला, व्हा पुढे," सिस्टर म्हणाली.

ते पुढे झाले. प्रत्येक वळणावर मागून तिचे ब्रेक चिरकत होते, आणि शेपूटरावांनी एकदाही मान वळवली नाही. पुलापाशी मास्तरांनी तो ग्लास पुढे केला. चहा पार निवला होता. त्यांनी तो उभ्याउभ्या, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि जाऊन रांगेत कंपाउंडरच्या मागे उभे राहिले.

मागे सिस्टर मोजत होती. दहापाशी ती थांबली.

शेपूटरावांनी पाठ जरा ताठ केली.

"अकरा," ती म्हणाली.