वर्नाची झडप

नोव्हेंबरच्या शेवटी शेवंडांचा, म्हणजे लॉब्स्टरचा, हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात वर्ना बोटीवर चक्कर येऊन पडली. पाण्यातून पिंजरा वर ओढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. बरोबरच्या गड्याने मागून कंबर धरली म्हणून वाचली, नाहीतर पाण्यातच गेली असती.

वर्ना माझी भावजय. आमच्या बंदरात स्वतःची बोट चालवणारी ती एकटीच बाई. बोट तिच्या वडिलांची. माझा भाऊ एल्डन शाळेची बस चालवायचा. त्याला धक्क्याला बांधलेली बोटसुद्धा लागायची.

हॅलिफॅक्सच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की हृदयातून रक्त बाहेर सोडणारी तिची झडप जन्मापासूनच तीनऐवजी दोन पाकळ्यांची आहे, आणि आता कॅल्शियम साचून ती पार आवळली आहे. बदलल्यावाचून गत्यंतर नाही.

"धातूची घेतलीत तर बहुधा जन्मभर टिकेल," त्या म्हणाल्या. "पण रक्त पातळ करायची गोळी कायमची मागे लागेल. गाईच्या हृदयाच्या आवरणापासून बनवलेली घेतलीत तर ती गोळी जन्मभर नको, पण दहा-पंधरा वर्षांत ती झिजेल. मग पुन्हा ऑपरेशन."

परतताना गाडीतच दोघांची जुंपली, मी मागच्या सीटवर.

"धातूचीच घे," एल्डन म्हणाला. "काय चिरायचं ते एकदाच चिरू देत."

"आणि ती गोळी खाऊन बोटीवर जाऊ? हात बघ माझे. रोज कुठंतरी कापतं, आपटतं. डोक्याला मार बसला तर किनारा गाठेपर्यंत मी खलास."

"मग बोट सोड."

"तू बस सोड!"

"बसपायी मी मरत नाहीये, वर्ना!"

घरी पोचल्यावर मी माशांचं सूप गरम करून वाढलं. एल्डनने चमचासुद्धा उचलला नाही. "तिला माझ्यापेक्षा बोट प्यारी आहे," तो मला म्हणाला. वर्ना जिन्यातच बसली होती, वर चढायला दम नव्हता.

"प्यारी कसली रे," ती तिथूनच म्हणाली. "दिवसभर घरात तुझ्या डोक्यावर बसले ना, तर तूच मला नेऊन बुडवशील."

त्याला हसू फुटलं आणि त्यातच रडू. "घे बाई, गाईची घे," तो म्हणाला.

जानेवारीत ऑपरेशन झालं. झडप नीट बसली, पण दुपारनंतर रक्त थांबेना, म्हणून छाती पुन्हा उघडावी लागली. एल्डन बाकावर बसून एकच घोकत होता, "मी धातूची म्हणालो होतो." त्या रक्ताचा झडपेच्या जातीशी काही संबंध नव्हता. मी तसं सांगितलं. त्यालाही ते कळत होतं.

दुसऱ्या दिवशी घशातली नळी काढल्यावर वर्नाने त्याच्याकडे बघितलं आणि खरखरत्या आवाजात विचारलं, "हंबरून दाखवू?"

घरी आल्यावर मात्र ती विनोद विसरली. कारण नसताना रडायची, बंदराच्या बाजूचा पडदाही उघडू द्यायची नाही. असं पुष्कळांचं होतं, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. एल्डनने कधी का म्हणून विचारलं नाही. तो तिला रोज चालायला न्यायचा. आधी पत्रपेटीपर्यंत, मग चर्चपर्यंत, आणि बर्फ वितळल्यावर धक्क्यापर्यंत. त्या दिवशी तिने दोर बघितले आणि गड्याला शिव्या घातल्या, कसे गुंडाळलेत म्हणून. एल्डनचा चेहरा उजळला.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर तो गडी दुसऱ्या बोटीवर गेला. वर्नाच्या हातांत अजून पूर्वीचा जोर नव्हता. पहिल्या दिवशी एल्डन मेणकापडाचे कपडे चढवून हजर.

"तू ओकशील," ती म्हणाली.

"ओकेन. पिंजरे तरी ओढेन."

दोन्ही केलं त्याने. ती सुकाणूपाशी उभी राहून ओरडत होती, "वाऱ्याकडे तोंड करून नको रे, गाढवा!" पुढे सुट्ट्या टाकून टाकून तो जात राहिला, आणि निवृत्तीनंतर रोज.

बारा वर्षांनी ती झडप थकली, दम पुन्हा लागायला लागला. या वेळी मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी घालून जुन्या झडपेच्या आतच नवी बसवली. छातीला हात लावावा लागला नाही. थोड्याच दिवसांत ती घरी आली. ही किती टिकेल, ते डॉक्टर सांगत नाहीत, आणि तीही विचारत नाही.

या वसंतात तिने निम्मे पिंजरे नव्याने शेवंडं धरू लागलेल्या भाचीला देऊन टाकले. "उरलेत तेवढे आम्हा दोघांना पुरेत," म्हणाली.