खुनाचे भाऊसाहेब, आत्महत्येच्या बाई

मृत्यूनोंदणीच्या कचेरीत खुनाची वही भाऊसाहेबांकडे आणि आत्महत्येची बाईंकडे. पंख्याचं तोंड कुणाकडे, यावरून दोघांचं नऊ वर्षं बोलणं बंद. त्यामुळे एखाद्याने बायकोला मारून स्वतःचाही जीव दिला, की बायको या टेबलावर, नवरा त्या टेबलावर. दोघं एकाच घरचे, हे कुणाच्या गावीही नसे.

ताई साहेब म्हणून बदलून आली, तिने टेबलं भिडवली आणि दोघांना मयतांच्या घरांचे पत्ते जुळवायला बसवलं.

"माझ्याकडे बायको आहे, नवरा बघा!" भाऊसाहेब ओरडायचे.

"सापडला हो, सापडला!" बाई टाळ्या पिटायच्या.

चार दिवसांत एकेचाळीस जोड्या. ताईला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, आणि त्याची लाजही वाटत होती. मग तिने पोलिसांचे कागद काढून जोड्यांवर खुणा केल्या. तेहेतीस बायका नवऱ्याला सोडून निघालेल्या. त्यातल्या एकवीस कपडे नाहीतर कागद आणायला एकट्याच परत गेलेल्या.

तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन. पंधरा दिवसांपूर्वीच ती नवऱ्याला सोडून ताईकडे आली होती.

"ताई, कपडे आणायला चाललेय गं. तो म्हणतो, एकटीच ये, नाहीतर आपल्या दोघांचाही जीव घेईन. नुसता तोंडाळ मेला!"

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. "कोपऱ्यावरच थांब! पुढे गेलीस तर माझ्याशी गाठ आहे!"

पाच जणांच्या गाडीत कचेरीतले आठ जण कोंबले. वाटेत ठाण्यावरून एक हवालदार उचलला, कोपऱ्यावरून धाकटी. बाई भाऊसाहेबांच्या जवळजवळ मांडीवर. "पंखा कुठाय?" भाऊसाहेबांनी विचारलं आणि गाडी हसून हसून डोलायला लागली.

दार उघडताच दहा माणसं बघून नवऱ्याची बोबडी वळली. "च... चहा घेणार?" हवालदार त्याला खेटून उभा राहिला. धाकटीने दहा मिनिटांत कपडे भरले.

परतताना सगळ्यांना चेव चढला होता. जो तो नवऱ्याच्या चहाची नक्कल करत होता. सगळ्यांत जास्त धाकटी हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"कपाटात हे होतं," ती म्हणाली आणि घडी केलेला कागद ताईच्या हातात दिला.

नवऱ्याने स्वतःच्या आईला लिहिलेलं पत्र होतं. 'आई, आम्ही दोघं जातोय.' तारीख आजची.

हवालदाराने कागद वाचला आणि गाडी मागे वळवायला लावली. धाकटीचं हसणं काही केल्या थांबेना. ताईने तिला घट्ट धरून ठेवलं.